भिंगापुढचा हात

"इंग्रजी?" मामंजी सोप्यातून गरजले. "आरं, आमच्या घरात इंग्रजी हाय की!"

मी आत चुलीपुढे भाकरी थापत होते. ते ऐकून माझा हात परातीतच थांबला. कारण आमच्या घरात इंग्रजी म्हणून जे काही होतं, ते म्हणजे मी होते.

सोप्यात शामूभाई मुलाणी टोपी हातात धरून बसला होता. सिद्धनाथाच्या जत्रेला दरवर्षी तो आपला तंबू, सिनेमाचं मशीन आणि कर्णा घेऊन यायचा आणि पाच दिवस खेळ करायचा. तंबूचा मालक तोच, मशीन चालवणारा तोच, आणि पाऊस आला तर तंबूचे दोर धरणाराही तोच. या खेपेला त्याने कंपनीकडून देवादिकांचा सिनेमा मागवला होता. पण कुणीतरी भलतीच पेटी गाडीत चढवली. उघडून बघतो तर आत इंग्रजी सिनेमा, गुरं राखणाऱ्यांचा.

"गुरं राखणाऱ्यांचा म्हंजी?" मामंजींनी विचारलं.

"दोन घराणी हायती आबा. दोगांच्यात मोप गुरं. पाण्यावरनं भांडान लागतं. मग ह्यो त्याचं मानूस मारतो, त्यो ह्याचं मानूस मारतो. मग येकजन घोड्यावर बसून सूड घ्याला येतो."

"मग ह्यात समजावून काय सांगायचं? मला तर समदं समजलं."

"मधनं मधनं मानसं बोलत्यात की वो," शामूभाई काकुळतीला येऊन म्हणाला. "काय बोलत्यात ते सांगायला नगं? न्हाईतर पब्लिक तंबू पेटवंल माजा."

त्या काळी परभाषेतला सिनेमा असला की पडद्याशेजारी एक माणूस माईक घेऊन बसायचा आणि गोष्ट मराठीतून सांगत जायचा. हायस्कुलातल्या गोसावी मास्तरांनी हे काम अंगावर घेतलं होतं. सकाळी शामूभाईने त्यांना तंबूत नेऊन एक रीळ दाखवलं. रीळ निम्म्यावर आलं आणि मास्तरांचं पोट बिघडलं. ते तडक एस.टी. धरून आपल्या गावी गेले.

"जाऊ दे त्या मास्तरड्याला," मामंजी म्हणाले. "आमची सूनबाई मॅट्रिक हाय. ती सांगंल."

"पन आबा, बाईमानूस..."

"तर मग काय पडद्याम्होरं बशिवतोस का? बायकांच्या अंगाला बसंल, कनातीच्या आड. तुजी वायर वढ तिकडं."

सुनेचा पदर डोक्यावरून ढळला तर घराण्याची अब्रू जाते, पण तिचा आवाज कर्ण्यातून चार गावं ऐकू गेला तर अब्रू वाढते. हा हिशेब मला अजून सुटलेला नाही. पण मामंजी जत्रेचे पंच होते, आणि आमच्या घरात त्यांचं म्हणणं दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नव्हती.

आता माझी अडचण सांगते. मी बागलांची मुलगी आणि इंगवल्यांची सून. दोन्ही घरं निंबोशीतलीच, मध्ये फक्त ओढा. इंगवल्यांच्या अंगणात उभं राहिलं की बागलांच्या परड्यातला शेवगा दिसतो. दोन्ही घरं खिलार बैल पैदा करणारी, दोन्हीकडे मिशा, दोन्हीकडे फेटे आणि दोन्हीकडे डोक्याच्या मानाने फेटा मोठा. सोयरीक झाली तेव्हा दोन्ही म्हातारे एका ताटात जेवले होते.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि जत्रेतल्या बैलांच्या प्रदर्शनात माझ्या वडिलांच्या, तात्यांच्या सोन्याला पहिला नंबर मिळाला. इंगवल्यांचा राजा दुसरा आला. मामंजी पुढे झाले, सोन्याभोवती एक फेरी मारली आणि भर मैदानात म्हणाले, "ह्येचं डावं शिंग मुळात वाकडं. तापवून सरळ केलंया." तात्या म्हणाले, "शिंग न्हाई, तुमची नजर वाकडी हाय." झालं! पागोटी उडाली, काठ्या निघाल्या. शेवटी मामंजींनी सिद्धनाथाचा भंडारा उचलून शपथ घेतली की इंगवल्यांच्या घरचं माणूस पुन्हा बागलांच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. आणि इंगवल्यांच्या घरच्या माणसांत मी होते. बैलाचं शिंग वाकडं होतं की सरळ ते देवाला ठाऊक, पण त्याच्यापायी माझं माहेर बंद झालं.

सुरुवातीला आई ओढ्यावर धुणं घेऊन यायची, मीही जायची. दोन दगडांवर दोघी बसायचो. धुणं कमी, बोलणं जास्त. मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एकदा ओढ्यावर पाय घसरला, तशी तात्यांनी तिला घराबाहेर पडू देणं बंद केलं. तेव्हापासून मी नुसता शेवगा बघत होते. भावजय कधी पाणवठ्यावर भेटली की हळूच सांगायची, "आत्याबाईंना आता मानसं वळखू येत न्हाईत. आवाजावरनं वळखत्यात."

म्हणून मी नाही म्हटलं नाही. कर्णा जत्रेतल्या लिंबावर बांधलेला असायचा आणि त्याचं तोंड ओढ्याकडे होतं. मी माईकवर बोलले तर आई घरात बसून माझा आवाज ऐकेल, एवढाच माझा विचार होता. सिनेमाचं पुढचं पुढे.

माझ्या मालकांनी मात्र रात्री जेवताना विचारलं, "तुला खरंच येतं का गं, विंग्रजी?"

"येतंय की."

"मग बरं झालं," म्हणाले आणि भाकरीचा दुसरा चतकोर मोडला. माझ्या नवऱ्यासारखा सुखी माणूस मी पाहिला नाही.

खरं सांगायचं तर कऱ्हाडला मामाकडे राहून मी जी इंग्रजी शिकले, तिच्यात मांजर चटईवर बसायचं आणि पोपट पेरू खायचा. माणूस माणसाला गोळी घालण्याआधी काय बोलतो, ते आमच्या पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बातमी ओढ्यापलीकडे पोचली आणि तात्यांचा निरोप आला. निरोप मला नव्हता, जत्रेला होता. चावडीपुढे उभे राहून ते म्हणाले, "सांगनारी सून इंगवल्यांची आसंल, पन विंग्रजी बागलांची हाय. शिकिवली आमी!" त्यावर मामंजी म्हणाले, "बियानं कुनाचं का आसंना, पीक आमच्या रानात आलंया." माझ्या इंग्रजीवरून दोन्ही घराण्यांत पुन्हा काठ्या निघायची वेळ आली. आणि इंग्रजी तर कुणाकडेच नव्हती!

दिवस मावळता तंबू भरला. मध्ये कनात, एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. पुरुषांत पुन्हा उजवीकडे इंगवले, डावीकडे बागल, मध्ये गावची इतर मंडळी वाळूच्या पोत्यांसारखी. मामंजी पंच म्हणून त्यांची खुर्ची सगळ्यात मागे, मशीनला चिकटून. तात्या अगदी पुढे, पडद्याखाली, कारण मागे आधीच मामंजी होते.

मी कनातीच्या कडेला पोत्यावर बसले आणि माईक तोंडाशी धरला. पहिल्यांदा नुसता श्वास घेतला, तर तो बाहेर लिंबावरून ऐकू आला. माझ्याच श्वासाला मी दचकले.

पडद्यावर माळ उघडला. अगदी आपल्या माणदेशासारखा उजाड माळ, बाभळी तेवढ्या नव्हत्या. मग गुरं आली. पडदा भरून गुरं.

"हा एक मुलूख आहे," मी सुरुवात केली. "इथं दोन घराणी राहतात."

एवढं मला शामूभाईच्या तोंडून ठाऊक होतं. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने मामंजींचा आवाज आला.

"आरं, ह्या जनावरास्नी वशिंडच न्हाई!"

तंबू चपापला. आणि पुढून, डावीकडून, तात्यांचा आवाज आला. "वशिंड न्हाई, गळ्याखाली पोळी न्हाई, निसती हाडं. आसल्या जनावरापायी मानसं मारत्यात व्हय?"

"शिंगं बगा की! साळायला-तासायला येक मानूस न्हाई येवढ्या मुलखात," मामंजी म्हणाले.

"आन् येवढ्या गाया हायती, पन धार काढताना येकबी दिसंना," तात्या म्हणाले.

इतक्या वर्षांत ते दोघे पहिल्यांदा एका विषयावर एकमताने बोलले होते. मग दोघांच्याही ध्यानात आलं आणि दोघेही गप्प झाले.

पडद्यावर एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला आणि तोंडात तंबाखू धरून बोलल्यासारखं काहीतरी बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. मास्तरांचं पोट का बिघडलं ते मात्र कळलं. सगळा तंबू माझ्याकडे कान लावून बसला होता.

"हा म्हणतो," मी म्हटलं, "पाणी माझं आहे."

मग एक पोटसुट्या म्हातारा आला. तोही बोलला. "हा म्हणतो, नाही, माझं आहे."

मग दोघे बराच वेळ बोलत राहिले. मी म्हटलं, "तेच पुन्हा म्हणताहेत." तंबूतल्या सगळ्यांना ते पटलं. भांडणात माणसं दुसरं काय म्हणतात!

असं दोन रिळं चाललं. गोळी सुटली की सांगावं लागत नव्हतं. माणूस पडला की "पडला" म्हणायचं. अडचण बोलण्याचीच होती, पण ती माणसं आपल्यापेक्षा कमी बोलतात, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

मग पडद्यावर ती आली. एक तरणी बाई, लांब झगा, डोक्याला फडक्याची टोपी. खिडकीत उभी राहून ती लांब माळाकडे बघत होती. बोलली काहीच नाही. आमच्या बाजूच्या बायका पुढे सरकल्या.

"ही कोण गं, अनुसया?" मागून एक म्हातारी म्हणाली.

ही कोण, ते मला कुठे ठाऊक! पण तिची नजर मला ओळखीची वाटली. सकाळी अंगण झाडताना मी असंच ओढ्याकडे बघते.

"ही," मी म्हटलं, "दाढीवाल्याची लेक आहे आणि पोटसुट्याची सून. भांडण झाल्यापासून तिचं माहेर बंद आहे. ती माहेराकडे बघतीय."

बायकांच्या बाजूने एक सुस्कारा आला. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खाकरलं. माझे कान तापले. पण आता शब्द तोंडातून सुटला होता, आणि कर्ण्यातून सुटलेला शब्द तर लिंबावरच जाऊन बसतो.

त्यानंतर ती बाई दिसली की मी तिची गोष्ट पुढे न्यायची. ती पाणी काढत होती, मी सांगितलं, आईची आठवण काढतीय. ती घोड्याला थोपटत होती, मी सांगितलं, घोड्याला विचारतीय की तू तरी तिकडे जाऊन आलास का? तिकडे पुरुष गोळ्या मोजत होते, इकडे बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. एकाच तंबूत दोन सिनेमे चालले होते.

मग तो आला, सूड घेणारा. उंचापुरा, दाढीचे खुंट वाढलेला, घोड्यावरून उतरतानासुद्धा कपाळाला आठी. दाढीवाल्या म्हाताऱ्याने त्याला मिठी मारली, तेव्हा मी बिनधास्त सांगून टाकलं, "हा तिचा भाऊ. परमुलखात होता. आता आलाय."

"आला गं बाई!" एक म्हातारी म्हणाली. "आता न्हील तिला म्हायारी."

त्या भावाने पुढच्या दोन रिळांत पोटसुट्याची निम्मी माणसं मारली. बागलांकडची पोरं शिट्ट्या मारायला लागली, कारण दाढीवाला म्हणजे ते, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. इंगवल्यांकडून ओरड झाली, "आमच्याकडची मानसं दाखवा की!" मी माईकमधून सांगितलं, "दाखवतील, दम धरा." शेवटी पोटसुट्याच पडला. मला मामंजींची धास्ती वाटली, म्हणून मी म्हटलं, "मेला नाही. घेरी आलीय."

सिनेमा संपत आला होता. सूर्य बुडत होता. भाऊ घोड्याचा लगाम धरून उभा होता आणि ती बाई घरातून धावत बाहेर आली. ती त्याच्यापुढे येऊन थांबली. मी सांगत होते, "भाऊ म्हणतो, चल बाई, आई वाट बघतीय..."

भावाने तिच्या कमरेत हात घातला. तिने मान वर केली. दोघांचे चेहरे एकमेकांकडे यायला लागले.

सगळ्या जत्रेदेखत मी त्याला भाऊ करून बसले होते!

आता शामूभाईची एक रीत होती, ती तंबूत सगळ्यांना ठाऊक. बायकापोरं बसलेली असतात म्हणून पडद्यावर गालाला गाल यायला लागला की तो मशीनच्या भिंगापुढे आपला पंजा धरायचा. पडदा काळा व्हायचा. पाच-सात श्वासांनी प्रसंग सरला की हात काढायचा. कुणी तक्रार करायचं नाही. त्या संध्याकाळी त्याच्या पंजाने माझी लाज राखली. चेहरे भिडायच्या आत पडदा काळा झाला. तंबूत अंधार, नुसता व्हायोलिनचा आवाज.

"भाऊ बहिणीला कुरवाळतोय," मी घाईघाईने म्हटलं. "खूप दिवसांनी भेटली ना."

"व्हय बाई," अंधारातून कुणीतरी म्हणालं.

मी हात निघायची वाट बघितली. हात निघेना. व्हायोलिन चालूच. अंधारात सगळी माणसं माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत होती आणि माझ्याजवळची गोष्ट संपली होती. बोलायला तर पाहिजे होतं.

"ती म्हणते," मी म्हटलं, "दादा, मी कशी येऊ? माझ्या सासऱ्यांनी शपथ घेतलीय."

हात अजून निघेना.

"ती सासऱ्यांना म्हणते... मामंजी, तुमचं भांडण तुम्ही भांडा. मी कधी मध्ये बोलले नाही. शिंग वाकडं होतं का सरळ होतं, मला ठाऊक नाही. पण माझ्या आईचे डोळे गेले. तिला आता शिंग दिसत नाही, बैल दिसत नाही, ओढाही दिसत नाही. उद्या मी तिच्यापुढे गेले तर मीसुद्धा दिसणार नाही. नुसता आवाज ओळखेल. तो तरी ओळखेल तोवर मला जाऊ द्या."

त्या सिनेमात शिंगाचं भांडण नव्हतं, पाण्याचं होतं. हे तंबूतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण कुणी हूं की चूं केलं नाही. व्हायोलिनही थांबलं. पुढचं वाक्य काही सुचेना.

तेव्हा बायकांच्या गर्दीतून, पार मागून, एक थकलेला आवाज आला.

"अन्से, मी हितंच हाय गं."

मी माईक तसाच पोत्यावर टाकला आणि अंधारात बायकांच्या गुडघ्यांवरून, पाठींवरून मागे गेले. त्याच बायकांनी हाताला धरून मला मागे मागे सरकवलं. भावजयीने आईला घोंगडीत गुंडाळून आणलं होतं. कर्ण्यावरचा पहिला शब्द ऐकला तशी ती घरातून उठली होती म्हणे. "माजी अन्सी बोलतीया, मला तितं न्या," एवढंच म्हणत राहिली. आईने दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. कपाळ, गाल, हनुवटी, मग गळ्याची हाडं. मी तिच्या कुशीत तोंड घालून रडले, अगदी मोठ्याने रडले.

आणि आई तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "केवढी वाळलीस गं! इंगवले जेवाय घालत न्हाईत का तुला?"

पोत्यावरच्या माईकचं तोंड आमच्याकडेच होतं. आईचा आवाज लिंबावरून निघाला तो जत्रेतली दुकानं, पाळणे आणि देऊळ ओलांडून शेजारच्या गावात गेला.

तेव्हा कुठे भिंगापुढचा हात निघाला. पडद्यावर काही उरलं नव्हतं. नुसता पांढरा उजेड, आणि मशीनवर रिळाचं शेपूट फटफट वाजत होतं. शेवट कुणीच पाहिला नाही. निंबोशीत त्यानंतर कित्येक वर्षं अशी समजूत होती की गोऱ्या लोकांचा मुका चांगला चिलीम ओढून होईपर्यंत चालतो.

घरी आले तेव्हा मामंजी झोपले होते, किंवा झोपल्यासारखे होते. सकाळी त्यांनी हाक मारली. मी पदर सावरून दाराशी उभी राहिले. आज आपल्याला कायमचं ओढ्यापलीकडे घालवून देणार, असं मी धरूनच चालले होते. मला दोन मुलं होती, त्यांना बरोबर नेऊ देतील का, हाच विचार मी रात्रभर केला होता.

"काल तुज्या आईनं," मामंजी अडकित्त्याकडे बघत म्हणाले, "साऱ्या जत्रंला सांगितलं, इंगवले सुनंला जेवाय घालत न्हाईत."

"मामंजी, ती आपली सहज..."

"गप. आज सकाळधरनं तिगंजनांनी इचारलं मला. अब्रू गेली घरान्याची. आता येकच उपाय हाय." त्यांनी सुपारी कातरली. "त्या बाईच्या म्होरं बसून पोटभर जेवून दाव. दोन दीस ऱ्हा, चार दीस ऱ्हा. तिची खात्री पटंपतूर जेव. इंगवल्यांची सून कशी जेवती ते कळू दे त्यास्नी."

मी विचारलं, "आणि शपथ?"

"शपथ हाय ती हायच. उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई."

मग निरोपानिरोपी झाली. मामंजींचं म्हणणं, बागलांनी उंबरा काढून ठेवावा. तात्यांचं म्हणणं, वाडवडलांचा उंबरा तसूभर हलणार नाही, हवं तर इंगवल्यांनी शपथ हलवावी. दुपारपर्यंत जत्रा सोडून माणसं ओढ्याच्या दोन्ही काठांना निकालाची वाट बघत बसली. शेवटी तात्यांनीच वाट काढली, पण हरलो असं दिसू न देता. त्यांनी गोठ्याची मागची भिंत पाडली. "भित जुनी झाली हुती," असं सगळ्यांना सांगितलं. "पाडायचीच हुती."

अशी मी माहेरी गेले ती गोठ्यातून, शेण तुडवत. भिंतीच्या भगदाडापाशी तात्या डोक्याला हात लावून उभे होते. मी वाकून पाया पडले. सोन्याची दावण तिथेच होती, पण खुंटा रिकामा होता.

"सोन्या कुठाय, तात्या?"

"गेला की. लई दीस झालं," तात्या म्हणाले. मग हळूच म्हणाले, "तिकडं सांगू नगंस. त्यांचा राजा हाय अजून?"

राजाही मरून वर्षं झाली होती. मी सांगितलं नाही.

मी चार दिवस, जत्रा संपेपर्यंत, माहेरी राहिले. आई हाताने चाचपून माझ्या ताटातल्या भाकरी मोजायची. रोज संध्याकाळी मी तिचा हात धरून त्याच भगदाडातून तंबूत न्यायची आणि तोच सिनेमा तसाच पुन्हा सांगायची, कारण लोकांना तोच पाहिजे होता. रोज दाढीवाला पाणी मागायचा, रोज ती बाई माहेराकडे बघायची, रोज पोटसुट्याला घेरी यायची. दुसऱ्या दिवसापासून शामूभाई हात वेळेवर काढायला लागला, म्हणून शेवटची शपथेची गोष्ट मी पुन्हा सांगितली नाही. आई मात्र रोज घरी येताना विचारायची, "आन् त्या बाईची आई? ती भेटली का तिला?"

"भेटली."

"मग चांगला हाय पिच्चर," आई म्हणायची.

त्यानंतर आई अडीच वर्षं होती. ते भगदाड तात्यांनी बुजवलं नाही. मी हवं तेव्हा गोठ्यातून जायची आणि गोठ्यातून यायची. समोरच्या दाराने मात्र मी शेवटपर्यंत गेले नाही. भांडण चालूच होतं. सिनेमातला खरा मर्द कोण, दाढीवाला की पोटसुट्या, यावरून दोन्ही म्हातारे मरेपर्यंत बोलले नाहीत.

मामंजींनी त्या तंबूचा विषय पुन्हा कधी काढला नाही. शेवटच्या दुखण्यात मी त्यांना भरवत असताना एकदा त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं काहीतरी बोलतील. "मीठ कमी हाय," म्हणाले.

ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी शामूभाई नातीच्या लग्नाचं आवतण घेऊन आमच्याकडे आला. तंबू केव्हाच विकला होता, मशीनही भंगारात गेलं होतं. घराघरात टीव्ही आले होते. चहा घेताना तो जुन्या जत्रांचं बोलत बसला. मी हसत म्हटलं, "शामूभाई, एक विचारायचं राहून गेलं. त्या दिवशी तुम्ही हात एवढा वेळ का धरला होता हो? काय एवढं पाप होतं त्या मुक्यात?"

त्याने कपबशी खाली ठेवली.

"वैनी, मुका कवाच सरला हुता. मी हात काढत हुतो."

"मग?"

"खुर्चीत आबा बसलं हुतं न्हवं, माज्या बाजूला? त्यांनी मनगाट धरलं माजं. आसं घट्ट, की हाडं वाजली. मी म्हनलं, आबा, पिच्चर सरंल, पब्लिक मारंल मला." शामूभाईने आपलं म्हातारं मनगट दुसऱ्या हातात धरून दाखवलं. "तर कानाशी येऊन म्हनलं, 'हात काढू नगंस, शाम्या. ती अजून बोलतीया.'"